रेंकूचा डावा कान

सिनेमा पडला. शुक्रवारी सकाळी लागला आणि दुपारची जेवणं होईस्तोवर अख्ख्या मुलखाला कळलं की पडला. हैदराबादेत विद्यानगरच्या गजभाऱ्यांच्या घरी ही बातमी तेवढी उशिरा पोचली, कारण भिवाजी गजभारे त्या वेळी बिल्डिंगमध्ये जिन्याजिन्यानं पेढे वाटत हिंडत होते.

पेढ्यांचं कारण असं, की सिनेमातलं गाढव त्यांच्या मुलीनं, सुमेधानं केलं होतं. रेंकू नावाचं हे गाढव मूळचं टीव्हीवरचं, कार्टूनमधलं. हळदीसारखं पिवळं, दोन पायांवर नाचणारं आणि वाटेल त्याला उलट उत्तर देणारं. सुमेधाच्या पिढीची पोरं शाळेतून आली की दप्तर फेकून आधी त्याच्यापुढं बसत. आता कुणाच्या तरी डोक्यात आलं की रेंकूचा खऱ्या माणसांचा सिनेमा काढावा. माणसं खरी, गाव खरं, उकिरडासुद्धा खरा. फक्त गाढव कॉम्प्युटरवर करायचं, पण तेही खऱ्यासारखं. म्हणजे रंग करडा, अंगावर केस आणि तोंडात दात. त्या दातांनी घात केला. कार्टूनमधलं गाढव हसलं की पोरं हसत. सिनेमातलं हसलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या पोरांनी भोकाड पसरलं, आणि मोठ्या माणसांना आपले दातांचे डॉक्टर आठवले.

यात सुमेधाचा दोष एवढासाही नव्हता. तिनं गाढव केलं, हे भिवाजींचं सांगणं होतं. खरं सांगायचं तर हैदराबादच्या ज्या स्टुडिओत ती नोकरीला होती तिथं फक्त कान झाले होते. त्यातही सुमेधाकडं डावा कान होता. उजवा चेन्नईच्या एका ऑफिसात झाला. एका गाढवाचे दोन कान दोन राज्यांत का करायचे, हे भिवाजींनी तिला एकदा विचारलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "पप्पा, ती लंबी कहाणी आहे." पण दीड वर्ष पोरगी त्या डाव्या कानामागं लागली होती. गल्लीत गाढविणीचं दूध विकणारा यायचा, तर हिनं त्याची गाढवीण तासन्तास फोनवर शूट केलेली. दूध कुणी तरी घ्यायला हवं म्हणून तिच्या आईनं, मालनबाईंनी घेतलं, आणि ते कुणाला तरी पाजायला हवं म्हणून भिवाजींना पाजलं. त्यांचा खोकला त्यानं गेला की भीतीनं, हे अजून ठरलेलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तिघं कुकटपल्लीच्या मॉलमध्ये सिनेमा पाहून आले. परतीच्या वाटेवर ऑटोत भिवाजींकडून एक गोष्ट घडली. त्यांची सगळी हयात सरकारी हिशेब तपासण्यात गेली होती. तपासणं म्हणजे आक्षेप काढणं. त्यांनी पुलाच्या सिमेंटवर आक्षेप काढले होते, शाळेच्या खडूवर काढले होते आणि निवृत्तीच्या दिवशी स्वतःच्या गळ्यात पडलेल्या हाराच्या बिलावरही काढला होता. असा माणूस पडेल सिनेमा पाहून गप्प कसा बसणार? कुंभाराच्या गावात एकाही घरी मडकं कसं नाही, पावसात भिजलेलं गाढव पुढच्याच क्षणी कोरडं कसं, नायकाच्या सदऱ्याची बटणं कमीजास्त कशी होतात, असे मुद्दे ते घर येईस्तोवर मांडत आले. सुमेधा बाहेर बघत होती. मालनबाईंनी दोनदा कोपरानं ढोसलं, ते त्यांनी रस्त्यातले खड्डे समजून सोडून दिलं.

रविवारी सकाळी चहाच्या वेळी सुमेधा म्हणाली, "पप्पा, मी बँकेची एक्झाम देते. उद्या नाही, पुढच्या सोमवारी ऑफिसात सांगून टाकते."

आता हे वाक्य ऐकायला भिवाजींनी किती वर्षं कान टवकारून ठेवले होते. मुलीनं बँकेत जावं म्हणून त्यांनी फॉर्म आणले होते, पुस्तकं आणली होती, बँकेत लागलेल्या प्रत्येक भाच्यापुतण्याला मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. ती बधली नव्हती. आज स्वतःच म्हणाली आणि भिवाजींच्या हातातली बशी तशीच राहिली. त्यांना आनंद व्हायला हवा होता. तो काही येईना. पोरीचा चेहरा आनंद होण्यासारखा नव्हता.

"बँक चांगलीच असते," ते म्हणाले. "पण घाई कशाला?"

"घाई कुठं? सहा साल झाले तुम्हीच म्हणता. आणि मी करते काय पप्पा? एक कान. तो पण कुणी बघत नाही. दात बघतात." एवढं बोलून ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

मालनबाई पोळपाट आपटत म्हणाल्या, "झालं समाधान? लेकराच्या डोळ्याला डोळा न्हाई चार दिवसापासून. आनि तुमी सदऱ्याचे बटनं मोजत बसले."

दिवस दोनच झाले होते, पण हा आक्षेप काढायची ती वेळ नव्हती. भिवाजींनी मनाशी ठरवलं की या सिनेमात चांगलं काय आहे ते हुडकायचं आणि त्या पुढच्या सोमवारच्या आत पोरीपुढं ठेवायचं. गुण हुडकणं हे त्यांच्या खात्याचं काम कधीच नव्हतं. तरी ते दुसऱ्याच दिवशी दुपारी बायकोला दवाखान्यात जातो सांगून एकटेच सिनेमाला गेले.

थिएटरात ते, एक झोपलेला माणूस आणि एसी. भिवाजींनी निष्ठेनं गुण शोधायला घेतले. मध्यंतर वेळेवर झालं, हा पहिला गुण. गाणी दोनच होती, हा दुसरा. गावातल्या शौचालयाला आतून कडी दाखवली होती, ही गोष्ट सरकारी इमारतींतही दुर्मिळ असल्यानं त्यांनी ती मनापासून दाद देऊन पदरात घेतली. खलनायक सगळ्यांशी अदबीनं बोलत होता. पण हे घेऊन मुलीपुढं जावं तर ती काय म्हणेल, हेही त्यांना कळत होतं.

मग उत्तरार्धात तो प्रसंग आला. कुंभाराचा पोरगा आणि त्याचा मामा ओसरीवर बसून गाढव विकायचं ठरवतात. गाढव बाजूला कडबा खातंय. आपण त्या गावचेच नाही असं त्याचं तोंड. पण चघळणं हळूच थांबतं, घास तसाच राहतो, आणि डावा कान हळूहळू मागं वळतो. मामानं वर पाहिलं की कान पुन्हा जागेवर आणि चघळणं सुरू. मामा बोलायला लागला की पुन्हा कान मागं. गाढव काही बोलत नाही, रडत नाही, पण त्याला सगळं कळलंय आणि ते घाबरलंय हे त्या एका कानावरून समजत होतं. भिवाजी खुर्चीत पुढं सरकले. उजवा कान, म्हणजे चेन्नईचा, तेवढ्या वेळात नुसता उभा होता.

त्यांना तो कान फार ओळखीचा वाटला. असंच अंग चोरून, कशाशी देणंघेणं नाही असं दाखवत दुसऱ्याचं बोलणं ऐकणारा एक माणूस आपल्या बिल्डिंगमध्ये आहे, हे त्यांना पक्कं आठवत होतं. तो कोण, एवढंच आठवेना. त्यांचा संशय वरच्या मजल्यावरच्या सुधीर गोगट्यांवर गेला.

सुधीर गोगटे पुण्याचे. कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलेले आणि आता बिल्डिंगच्या असोसिएशनचे सेक्रेटरी झालेले. बिल्डिंगच्या ग्रुपवर त्यांनी शुक्रवारीच 'रेंकू'चं लांबलचक परीक्षण टाकलं होतं. मूळ कार्टूनचे सगळे भाग आपण मुलासोबत पाहिले आहेत, मूळ रेंकूचा पिवळा रंग हा त्याच्या निरागसतेचा रंग होता, आणि या मंडळींनी त्या निरागसतेला दात बसवले, असं त्यात होतं. शेवटी 'अर्थात हे माझं वैयक्तिक मत' असं लिहिलं होतं, म्हणजे वाद घालायचीही सोय नव्हती. आणि हे सगळं पेढा खाऊन झाल्यावर. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही रीत पुण्यात नसावी, असं भिवाजींना वाटून गेलं.

जिन्यात गाठ पडली तेव्हा भिवाजी म्हणाले, "गोगटे, तुम्ही कान पाहिला का?"

"गजभारे साहेब, मी स्पष्टच सांगतो. मी मध्यंतराला उठलो."

"कान मध्यंतरानंतर आहे."

"मग कानानं मध्यंतराआधी यायला हवं होतं," गोगटे म्हणाले आणि वर गेले.

इथं भिवाजींच्या स्वाभिमानाला ठेच लागली, आणि ठेच लागलेला माणूस जे करतो ते त्यांनी केलं. बिल्डिंगला, कॉलनीला, जमलं तर अख्ख्या विद्यानगरला हा कान दाखवायचा. भरल्या थिएटरात लोकांनी त्या कानाला दाद दिली आणि ती सुमेधानं स्वतः ऐकली, की बँकेचं भूत उतरेल. बुधवारी ते मॉलमध्ये चौकशीला गेले तर 'रेंकू' उतरला होता. तिथल्या मुलीनं त्यांना गोड आवाजात दुसऱ्या सिनेमाची शिफारस केली.

मग ते क्रॉस रोडच्या चौकाजवळच्या एका जुन्या एकपडदा थिएटरात गेले. तिथं 'रेंकू'चं पोस्टर होतं, पण त्यावर नव्या सिनेमाचं पोस्टर चिकटवायचं काम चालू होतं, आणि रेंकूचे फक्त दात उरले होते. मॅनेजर स्टुलावर बसून सोडा पीत होता.

"साब, पिच्चर तो कल से उतर रही," तो म्हणाला. "कौन देखता? मैं बी नै देखा."

"संडे को सुबह एक शो लगा देते क्या?"

मॅनेजरनं सोडा खाली ठेवला. थिएटरच्या आयुष्यात असा माणूस त्यानं पाहिला नसावा. "मॉर्निंग शो तो खालीच रैता. सौ आदमी लाते तो लगा देतुं. पन साब, कायकू?"

"कान है उसमें," भिवाजी म्हणाले.

शंभर माणसं आणायची ठरल्यावर सल्लागारांना तोटा नव्हता. तळमजल्यावरचे यादगिरी गारू (गारू म्हणजे तेलुगूतलं 'राव') वीज मंडळातून निवृत्त झालेले, भिवाजींचे फिरायला जायचे जोडीदार. त्यांचं म्हणणं पडलं की इडली दिल्याशिवाय सकाळी माणूस घराबाहेर पडत नाही. मालनबाईंना कुणकुण लागलीच, तेव्हा त्या म्हणाल्या की इडली दिली तर माणूस इडली खाऊन घरी जातो, म्हणून ती सिनेमानंतर द्यावी. सुमेधाला मात्र काहीच सांगायचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. शेवटी यादगिरी गारू म्हणाले, "साब, फ्लेक्सी लगाओ. हैदराबाद में फ्लेक्सी के बगैर पैदा बी नै होते, मरते बी नै." हे भिवाजींना पटलं. पण फ्लेक्सीच्या फलकावर काय लिहायचं?

आणि गुरुवारी त्यांना घबाड सापडलं. फोनवर तेलुगू परीक्षणं चाळताना एका गाजलेल्या परीक्षकाचा व्हिडिओ लागला. तो बरंच तावातावानं बोलत होता, पण शेवटी हात जोडून म्हणाला, "प्रेक्षकुल चेविलो पुव्वू पेट्टारू." भिवाजींनी व्हिडिओ मागं घेतला आणि पुन्हा ऐकला. चेवी!

आता भिवाजींच्या तेलुगूविषयी दोन शब्द सांगायला हवेत. उभी हयात हैदराबादेत काढूनही ती त्यांनी तुकड्यातुकड्यानं गोळा केली होती. ऑफिसात इंग्रजी, बाजारात दखनी, घरात नांदेडची मराठी; तेलुगू लागायची ती फक्त अडचणीत. 'चेवी' म्हणजे कान, हे त्यांना कोठी भागातल्या कानाच्या दवाखान्यात मळ काढायला बसून कळलं होतं. 'पुव्वू' म्हणजे फूल, हे फुलवालीमुळं. 'पेट्टू' म्हणजे ठेव, हे भाजीवाल्याच्या टोपलीमुळं. हिशेबाच्या माणसाला बेरीज करायला वेळ लागत नाही. प्रेक्षकांच्या कानात फूल ठेवलं! लग्नात पाहुण्याच्या कानात अत्तराचा फाया ठेवतात, तसा हा मान. आणि एवढ्या सिनेमातून त्या जाणत्या माणसानं नेमका कानच उचलावा? भिवाजींचे डोळे भरून आले. मालनबाईंना विचारलं असतं तर उलगडा झाला असता, कारण त्यांचं तेलुगू शेजारणींत बसून शिकलेलं, अखंड होतं. पण इतक्या मोठ्या आनंदात माणूस बायकोचा सल्ला घ्यायला जात नाही.

फ्लेक्सीला परवानगी लागते असं कुणीसं सांगितलं, म्हणून शुक्रवारी ते एका ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनानं विचारलं की बर्थडे कुणाचा. बर्थडे नाही म्हटल्यावर त्यानं विचारलं, मग पार्टीत कोण आलं. फ्लेक्सीवर गाढवाचं चित्र आहे हे कळल्यावर तो खुर्चीतून अर्धा उठला. "साब, ये कौन से लीडर कू बोल रे आप?" हे गाढव गाढवच आहे, त्याचा कोणत्याही हयात वा दिवंगत नेत्याशी संबंध नाही, असं भिवाजींनी लिहून दिलं. कारकुनानं ते वाचलं आणि 'दिवंगत' शब्द काढायला लावला, त्यानं जास्त संशय येतो म्हणाला. दुपार उलटल्यावर कळलं की थिएटरच्या स्वतःच्या फाटकाच्या आत लावायला परवानगी लागतच नाही.

कोठीच्या फ्लेक्सीवाल्यानं मजकूर ऐकून घेतला. वर गाढवाचा कान, मोठा. खाली तेलुगूत 'चेविलो पुव्वू' आणि त्याखाली 'सादर करत आहे: सुमेधा गजभारे, विद्यानगर'. तो भिवाजींकडं बघत राहिला.

"पक्का साब? ऐसाच लिखना?"

"हौ. ऐसाच."

"आपकी बच्ची है?"

"हौ," भिवाजी अभिमानानं म्हणाले.

फ्लेक्सीवाल्यानं मान हलवली आणि छापून दिलं. दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात पडायचं नाही, हा त्याचा धंद्याचा नियम असावा.

रविवारी सकाळी मालनबाई सुमेधाला "चल जरा, तुझ्या पप्पानं काय उद्योग केलाय बघू" म्हणून थिएटरवर घेऊन आल्या. फाटकाशी गर्दी होती. बिल्डिंगचे तीसेक लोक तर होतेच, पण रस्त्यानं जाणारे थांबत होते, वर बघत होते, फोन काढून फोटो घेत होते, आणि हसत हसत तिकिटाच्या खिडकीकडं वळत होते. मॅनेजर घामाघूम होऊन स्टूल आत-बाहेर करत होता. भिवाजी कोटात उभे राहून सगळ्यांना नमस्कार करत होते. लोकांच्या चेहऱ्यावरचं हसू त्यांनी कौतुक समजून घेतलं.

सुमेधानं फ्लेक्सी वाचली. ती शाळेपासून तेलुगू शिकलेली. ती आहे तिथंच थांबली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आवडलं?" भिवाजींनी विचारलं.

"पप्पा, याचा मतलब काय आहे माहीत आहे का तुम्हाला?"

"कानात फूल. तुझ्या कानाला दाद आहे ती. मोठा परीक्षक आहे."

सुमेधानं आईकडं पाहिलं. तेव्हा मालनबाईंनीच खुलासा केला. "अहो, कानात फूल ठेवलं म्हंजी उल्लू बनवलं. टोपी घातली. लोकांनला टोपी घालतेय तुमची लेक, आसं लिवलंय तुमी रस्त्यावर. तिच्या नावासकट. आनि विद्यानगर बी घातलंय, म्हंजी घर हुडकायला बरं."

भिवाजी गजभाऱ्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई चालवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय असतं, ते त्यांना वर टांगलेल्या त्या दहा फुटांत दिसलं. ते शिडी शोधायला धावले. यादगिरी गारूंनी त्यांना धरलं. "रैने दो साब. लोगां बोल रे, पैली बार कोई पिच्चरवाला सच बोला. सौ के दो सौ हो गये." मग त्यांनी असंही कबूल केलं की शब्द त्यांना आधीच खटकला होता, पण साहेब एवढे शिकलेले, त्यांची काही तरी आयडिया असेल म्हणून ते गप्प राहिले होते.

भिवाजींनी मुलीकडं पाहायचं धाडस केलं. ती भिंतीला टेकून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती, आणि ते हसणं ऐकून त्यांना बरंही वाटलं आणि अपमानही वाटला. शेवटी बरं वाटणं वरचढ ठरलं.

सिनेमा सुरू झाला. लोक फसायचंच म्हणून तिकीट काढून आले होते, त्यामुळं फसल्याचं दुःख कुणाला नव्हतं. दात दिसले की टाळ्या पडत होत्या. भिजलेलं गाढव कोरडं झालं तेव्हा मागून कुणी तरी "टॉवेल किदर है?" असं विचारलं आणि अख्खं थिएटर हसलं. पडेल सिनेमाला भरलं थिएटर मिळालं की तो तितका पडेल राहत नाही. भिवाजींना मात्र एकच धास्ती होती. हे लोक कानालाही हसले तर? सुमेधा त्यांच्या शेजारी होती. तिचं हसणं आता थांबलं होतं, आणि ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

ओसरीचा प्रसंग आला. पोरगा आणि मामा बोलू लागले. गाढवाचं चघळणं थांबलं. कान हलला. कुणी तरी सवयीनं शीळ घातली, पण शेजाऱ्यानं त्याला गप्प केलं. कान मागं वळला, मामानं पाहिलं, कान जागेवर आला. हळूहळू थिएटर शांत झालं. इतकी माणसं एका गाढवाच्या कानाकडं बघत बसलेली भिवाजींनी पहिल्यांदा पाहिली. पुढच्या रांगेतली एक छोटी मुलगी आईला तेलुगूत म्हणाली, "अम्मा, त्याला ऐकू आलं." तिचा आवाज रडवेला होता.

त्या शांततेत मागच्या रांगेतून शुद्ध पुणेरी आवाज आला. "अहो, हे गाढव तर गजभारे साहेब आहेत."

सगळ्या बिल्डिंगनं मागं वळून पाहिलं. सुधीर गोगटे उभेच राहिले होते. "खरंच सांगतो. लिफ्टमध्ये आम्ही दोघं नवराबायको बोलत असलो की गजभारे साहेब नंबरांच्या दिव्याकडं बघत असतात, आणि ऐकत असतात. मीटिंगला पेपर वाचतात आणि असंच बडीशेप चघळायचं थांबवतात. हुबेहूब. मी मध्यंतराला उठलो ही माझी चूक झाली."

"हौ रे," यादगिरी गारू म्हणाले. "बिल्कुल साबच है."

भिवाजींच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. भर थिएटरात माणसाला गाढव म्हणावं आणि चारचौघांनी त्याला दुजोरा द्यावा, याला शिष्टाचार म्हणत नाहीत. काही तरी खणखणीत बोलावं म्हणून ते उठणार, तोच सुमेधानं त्यांचा हात धरला.

"पप्पा, सॉरी," ती हळू म्हणाली. "गाढविणीचं शूटिंग केलं खूप, पण ती तर कान कधीही हलवते. मतलब काही नाही. मला पाहिजे होता असा कान, की ज्याला ऐकायचं आहे पण दाखवायचं नाही. मी लहान होते ना, आईशी तुम्हाला लपवून काही बोलले की तुम्ही असेच. पेपर वर, चहा हातात तसाच, आणि सगळं ऐकून पण गप्प. दुसऱ्या दिवशी मी मागितलेली चीज घरात आलेली असायची. मी तेच केलं. अजून काय करणार, दुसरं कुणी असं ऐकत नाही."

भिवाजी उठणार होते ते बसले. पडद्यावर मामानं गाढव विकायचा बेत सोडून दिला होता आणि रेंकूनं आनंदानं दात दाखवले. थिएटरात टाळ्या पडल्या. त्या दातांना होत्या की कानाला, हे सांगता यायचं नाही, पण भिवाजींनी त्या सगळ्या कानाकडं वळत्या केल्या. इडल्या पुरल्या नाहीत.

सोमवारी सुमेधा नेहमीच्या वेळेला ऑफिसला गेली. तिथं ती काय बोलली, बँकेचं पुढं काय, हे तिनं सांगितलं नाही आणि भिवाजींनी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे उत्तर ऐकायची तयारी लागते. ती त्यांची नव्हती. मंगळवार गेला, बुधवार गेला. मालनबाईसुद्धा काही बोलेनात. भिवाजींना भाकरी गोड लागेना.

गुरुवारी सकाळी सुमेधा फोन घेऊन त्यांच्यासमोर आली. नव्या कामाला एक म्हातारं अस्वल होतं, तर जरा पेपर वाचत बसा, मी शूट करते, असं म्हणाली. आपल्यावर कॅमेरा आहे हे कळल्यावर भिवाजींनी केस विंचरले, कॉलर सारखी केली आणि अस्वलाला शोभेल असा गंभीर चेहरा करून मान वाकडी केली.

"ॲक्टिंग नक्को पप्पा. साधं बसा."

साधं बसणं किती अवघड असतं ते त्यांना त्या दिवशी कळलं. दहा मिनिटं झाली, मनासारखं काही मिळेना. शेवटी सुमेधानं फोन चालूच ठेवून डब्याला टेकवला आणि जाऊ द्या म्हणून स्वयंपाकघरात गेली. भिवाजींनी सुटकेचा श्वास टाकला, चहाची बशी उचलली आणि पेपर उघडला. आतून मायलेकींचं हळू आवाजातलं बोलणं येऊ लागलं.

"आई, ते बँकेचे पुस्तकं आहेत ना, ते त्या खालच्या पोराला देऊन टाक. मला आता काही काम नाही त्याचं. पप्पांना नको सांगू इतक्यात."

बशी हवेत थांबली. पेपरचं पान उलटायचं राहिलं. भिवाजी गजभाऱ्यांचा डावा कान स्वयंपाकघराकडं वळला आणि तिथंच राहिला, आणि चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून त्यांनी जी खटपट केली ती सगळी फोनमध्ये आली.